बायबल उघडायचं, पण कुठल्या पानावर?

वसईत चर्चच्या मेळाव्यात हमखास ऐकू येणारा एक जुना विनोद आहे. एक माणूस मोठ्या अडचणीत सापडला. काय करावं सुचेना, म्हणून त्याने डोळे मिटून बायबल उघडलं आणि पानावर बोट ठेवलं. पाहतो तर बोटाखाली यहूदाने गळफास लावून घेतल्याची हकिकत. दचकून त्याने पुन्हा पान काढलं. या खेपेला येशू कुणाला तरी जाऊन तसंच करायला सांगत होता. घाम पुसत त्याने तिसऱ्यांदा पुस्तक उघडलं, तर जे करायचं आहे ते लवकर उरकून टाकण्याचा आदेश.

आपण हसतो, पण हा प्रयोग घरोघरी होतो. माझी आजी करायची. तिच्या जाड पुस्तकात झावळ्यांच्या रविवारी आणलेली, वाळून तपकिरी झालेली झावळीची पात खूण म्हणून असे. धाकट्या काकाची बोटीवरची नोकरी, विहिरीचा पंप, आत्याचं स्थळ, असल्या प्रत्येक प्रश्नाला ती पात उचलून कुठेतरी पान उघडायची आणि पुटपुटत वाचायची. कोकणात देवाला कौल लावतात तसंच काहीसं. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली तर होकार, डावीकडून पडली तर नकार. उत्तर भारतात रामशलाका आहे, तिथेही अक्षरांवर बोट ठेवून उत्तर काढतात. माणसाला उत्तर हवं असतं, आणि ते आपल्यापेक्षा थोर कुणाकडून तरी हवं असतं.

आता कोडं असं. हा ग्रंथ देवाचा शब्द आहे असं कॅथोलिक मानतात. मग तो कुठेही उघडला तरी मार्गदर्शन मिळायला काय हरकत आहे? आणि तसं मिळत नसेल, तर ज्यांना त्यातून खरोखर वाट सापडली ती माणसं पुस्तक वाचतात तरी कसं?

वचनाचा क्रमांक म्हणजे किलोमीटरचा दगड

आधी त्या विनोदाची गाठ सोडवू. ‘जाऊन तसंच कर’ हे वाक्य लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातलं आहे. येशूने नुकतीच एक गोष्ट सांगितली आहे. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला एक परका शोमरोनी माणूस उचलतो, जखमा बांधतो, खानावळीत नेतो आणि मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवतो. ‘तसंच’ म्हणजे हे सगळं. आधीच्या बारा ओळी सोडल्या की त्या ‘तसंच’चा अर्थ कुठेही जाऊन पडतो, अगदी गळफासावरसुद्धा.

ओळी अशा सुट्या करण्याची सवय आपल्याला क्रमांकांनी लावली. मूळ लिखाण सलग होतं. आज वापरतो ते अध्याय साधारण १२०० सालाच्या सुमारास स्टीफन लँग्टन या इंग्रज पंडिताने पाडले असं मानलं जातं. तो तेव्हा पॅरिसमध्ये शिकवत होता, पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला. नव्या करारातल्या वचनांना आजचे क्रमांक १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने दिले. वडिलांनी हे काम पॅरिस ते लियों प्रवासात उरकलं असं त्याच्या मुलाने लिहून ठेवलं आहे. त्यामुळे एखादं वचन भलत्याच जागी तुटलेलं दिसलं की तिथे घोडा ठेचकाळला असणार, असं अभ्यासक गमतीने म्हणतात.

महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडासारखे हे क्रमांक आहेत. जागा सांगायला फार सोयीचे, पण दगड रोवलाय तिथे गाव असेलच असं नाही.

मिलानच्या बागेतलं पोर

इथे कुणीतरी हटकणारच: संत ऑगस्टीनचं काय? त्याने तर पान उघडलं आणि त्याचं आयुष्य बदललं.

खरं आहे. ३८६ च्या उन्हाळ्यात मिलानमध्ये एका बागेत तो रडत बसला होता. शेजारच्या घरातून एका लहान मुलाचा आवाज आला. मुलगा की मुलगी तेही कळेना. पोर तालात पुन्हा पुन्हा म्हणत होतं, उचल आणि वाच. मुलांच्या एखाद्या खेळात असे बोल असतात का, हे त्याने आठवून पाहिलं. आठवेना. तेव्हा हा आपल्यालाच इशारा आहे असं समजून तो धावत गेला, पौलाच्या पत्रांचं पुस्तक उघडलं आणि नजर पडली तो उतारा वाचला. विलास सोडून ख्रिस्ताला धारण करण्याविषयीचा. निर्णय तिथेच झाला.

ही गोष्ट सांगताना तिच्या अलीकडचं आणि पलीकडचं गाळलं जातं. ऑगस्टीन दोन वर्षं मिलानमध्ये बिशप अँब्रोजची प्रवचनं ऐकत होता. पौलाची पत्रं त्याच्या वाचनात होती, म्हणूनच ते पुस्तक हाताशी होतं. त्याच दिवशी घरी आलेल्या एका पाहुण्याने त्याला इजिप्तच्या संत अँथनीची हकिकत ऐकवली होती. लाकूड केव्हाचं वाळत पडलं होतं, त्या पानाने काडी लावली. आणि पलीकडचं म्हणाल तर बरोबर असलेला मित्र अलीपियस याने तोच उतारा पुढे वाचला. विश्वासात दुबळा असलेल्याला सामावून घेण्याविषयीची पुढचीच ओळ त्याने स्वतःसाठी घेतली. एकाच पानावरून दोघांना दोन गोष्टी मिळाल्या, कारण दोघांच्या मनात दोन वेगळे प्रश्न होते.

हाच ऑगस्टीन पुढे बिशप झाल्यावर शुभवर्तमानाची पानं उघडून संसारातल्या कामांचे कौल घेण्याच्या प्रथेवर नाराजी व्यक्त करतो. फ्रान्समधल्या आगद इथे ५०६ मध्ये भरलेल्या धर्मसभेने तर ग्रंथ उघडून भविष्य पाहणाऱ्या धर्मगुरूंना बहिष्काराची तंबी दिली. तरी प्रथा गेली नाही. १२०८ च्या सुमारास असिसीच्या फ्रान्सिसनेही आपल्या पहिल्या सोबत्यासह ग्रंथ तीनदा उघडून वाट शोधली. मात्र ते पुस्तक चर्चमधलं मिस्साविधीचं होतं असं मानतात, म्हणजे त्यातले उतारे आधीच कुणीतरी निवडलेले. आणि तिन्ही उतारे ज्या दिशेने बोट दाखवत होते, त्या दिशेने फ्रान्सिस केव्हाच चालू लागला होता.

७३ पुस्तकांचं कपाट

‘बायबल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला तो अनेकवचनी आहे: पुस्तकं. कॅथोलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, जुन्या करारात ४६ आणि नव्यात २७. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. हा फरक जुन्या करारातल्या सात पुस्तकांचा आहे, त्यातल्या बेन सिराची गाठ आपल्याला पुढे पडेल. हे लिखाण हिब्रू, अरामी आणि ग्रीक अशा तीन भाषांतलं, सुमारे हजार वर्षांच्या अवधीतलं.

सकाळचं वर्तमानपत्र आठवा. त्यात अग्रलेख असतो, कांद्याचे भाव असतात, निधनवार्ता, राशिभविष्य, व्यंगचित्र. व्यंगचित्रात मंत्र्याचं डोकं शरीराच्या तिप्पट दिसलं म्हणून आपण डॉक्टरला बोलावत नाही. कुठला मजकूर कसा वाचायचा हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, ते अंगवळणी पडलेलं असतं. बायबलमध्ये कविता आहेत, वंशावळी आहेत, कायदे आहेत, युद्धगीतं, दृष्टान्त, खाजगी पत्रं आणि एक प्रेमकाव्यसुद्धा आहे. दोन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या वाचकाला ‘हे काव्य आहे’ असं सांगावं लागत नसे, आपल्याला लागतं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी काढलेल्या ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजात हेच सांगितलं: लेखकाला काय म्हणायचं होतं हे कळायचं असेल तर त्याने कोणता लेखनप्रकार वापरला ते आधी पाहा.

त्याच दस्तऐवजाने सगळ्या श्रद्धावंतांना बायबल वारंवार वाचायचा आग्रह केला. आज हे साधं वाटतं. पण सोळाव्या शतकातल्या फाटाफुटीनंतर कित्येक पिढ्या सामान्य कॅथोलिकाला मातृभाषेतलं बायबल वाचायला परवानगी लागायची. माझ्या आजोबांच्या पिढीकडे जपमाळ होती, प्रार्थनेचं पुस्तक होतं, संतांची चरित्रं होती, बायबल क्वचित. आमच्यातली माणसं अजूनही वचनाचा क्रमांक सांगताना अडखळतात आणि प्रोटेस्टंट मित्र धडाधड सांगतात, त्याचं कारण इथे आहे. आजीच्या हातात बायबल आलं तेच मुळी उतारवयात. ते वाचावं कसं हे तिला कोण सांगणार होतं?

शहाणपण म्हणजे हातोटी

या ७३ पैकी सात पुस्तकांना ज्ञानग्रंथ म्हणतात: ईयोब, स्तोत्रसंहिता, नीतिसूत्रे, उपदेशक, गीतरत्न, शलमोनाचं ज्ञान आणि बेन सिरा. शहाणपणासाठी हिब्रू शब्द आहे ‘होखमा’. निर्गमाच्या पुस्तकात हा शब्द एका कारागिराला लावला आहे. बसालेल त्याचं नाव. सोनं-चांदी घडवणारा, रत्नं बसवणारा, लाकूड कोरणारा. त्याच्या हातात होखमा आहे. म्हणजे शहाणपण हे मुळात कसब. सुतार लाकडाच्या रेषा पाहून रंधा कुठून चालवायचा ते ठरवतो, तसं माणसं आणि प्रसंग पाहून वागता येणं.

हे एकदा ध्यानात आलं की एक जुनी अडचण सुटते. नीतिसूत्रांच्या २६ व्या अध्यायात चौथं वचन म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाला साजेसं उत्तर देऊ नकोस. पाचवं म्हणतं, दे. दोन्ही एकाखाली एक! संकलन करणाऱ्याला डुलकी लागली होती म्हणावं, तर दोन हजारांहून अधिक वर्षांत कुणीच ते दुरुस्त केलं नाही. आपल्याकडेही ‘देश तसा वेश’ आहे आणि ‘कुठेही जा, पळसाला पानं तीनच’ हेही आहे. दोन्ही म्हणी खऱ्या आहेत. कुठली केव्हा वापरायची हे कळणं म्हणजे होखमा, आणि ते म्हणीत लिहिलेलं नसतं. पान उघडून बोट ठेवणाऱ्याला चौथं वचन मिळेल किंवा पाचवं. समोरच्या मूर्खाला बघून ठरवण्याचं काम त्याचं त्यालाच करावं लागेल.

ही पुस्तकं आपसातही भांडतात. नीतिसूत्रांचा एकंदर सूर असा की नीट वागलात तर नीट होईल. ईयोब नीट वागला आणि त्याचं होत्याचं नव्हतं झालं. उपदेशक तर सगळ्यालाच वाफ म्हणतो. त्याचा ‘हेवेल’ हा आवडता शब्द म्हणजे श्वासाची वाफ, हिवाळ्यात तोंडातून निघते आणि विरते तशी. ज्यांनी ग्रंथ एकत्र बांधला त्यांनी यातल्या कुणालाही गप्प केलं नाही. एकत्र कुटुंबात जेवायच्या पंगतीला चार काका चार मतं मांडतात आणि पोरं ऐकत मोठी होतात, तसा हा ग्रंथ वाचकाला वाढवतो.

या सातांत मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो बेन सिरा. इ. स. पू. १८० च्या आसपास जेरुसलेममध्ये शिकवणारा हा गृहस्थ. त्याच्या ३८ व्या अध्यायात आजारपणाचा सल्ला आहे. प्रार्थना कर, आणि वैद्यालाही त्याची जागा दे, कारण त्यालाही देवानेच निर्माण केलंय, औषधं देवानेच जमिनीतून उगवली आहेत. नवस बोलून गोळ्या बंद करणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला हा अध्याय वाचून दाखवावा. त्याच अध्यायात पुढे भट्टीच्या धगीपुढचा लोहार, पायाने चाक फिरवणारा कुंभार आणि सदोदित बैलांविषयी बोलणारा शेतकरी येतात.

बेन सिराच्या नातवाने इजिप्तमध्ये गेल्यावर आजोबांचं पुस्तक ग्रीकमध्ये आणलं आणि प्रस्तावनेत वाचकांची माफी मागितली, की हिब्रूतली गोष्ट दुसऱ्या भाषेत तेवढ्या ताकदीने उतरत नाही. बायबलच्याच पोटात बसलेली ही अनुवादकाची कबुली आहे. पुढे मूळ हिब्रू हरवलं. थेट १८९६ मध्ये कैरोच्या एका सिनेगॉगच्या अडगळीतून आलेल्या पानांत ते ओळखू आलं, आणि १९६४ मध्ये मसादाच्या किल्ल्यात आणखी जुने तुकडे सापडले.

जोतं आणि मजले

पाचव्या शतकातल्या जॉन कासियनने एका नावावरून वाचनाचे चार थर समजावले. जेरुसलेम म्हणजे एक खरोखरचं शहर, दगडविटांचं. जेरुसलेम म्हणजे ख्रिस्ताची मंडळी. जेरुसलेम म्हणजे माणसाचा आत्मा, जो कधी वसतो कधी उजाड होतो. आणि जेरुसलेम म्हणजे शेवटी पोहोचायचं ते स्वर्गीय नगर. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. पंढरपूर हे भीमेच्या काठचं, एसटी जाते असं गाव आहे, आणि संतांनी देहालाही पंढरी म्हटलंच आहे.

यात धोका उघड आहे. कुठल्याही शब्दाचा कुणीही काहीही अर्थ लावेल. म्हणून तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने बजावलं की बाकीचे सगळे अर्थ शब्दशः अर्थाच्या जोत्यावर उभे राहिले पाहिजेत, आणि वाद घालायचा तर त्याच अर्थाच्या आधारे. शब्दशः अर्थ म्हणजे लेखकाला जे म्हणायचं होतं ते. तो काव्य लिहीत असेल तर काव्यातला.

जोतं कललं की काय होतं याचा संगमरवरी पुरावा रोममध्ये आहे. मोशे डोंगरावरून उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचं काय झालं होतं हे सांगणारं हिब्रू क्रियापद ‘शिंग’ या शब्दाशी जोडलेलं आहे. आज ते ‘किरणं फाकली’ असं वाचतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन भाषांतर करताना संत जेरोमने शिंगांचा शब्द घातला. शिंग हे तेजाचं, सामर्थ्याचं चिन्ह हे त्याच्या मनात असेलही, पण पुढच्या चित्रकारांनी सरळ शिंगं काढली. सान पिएत्रो इन विंकोली या चर्चमधला मायकेलअँजेलोचा मोशे बघा. दाढी नाभीपर्यंत आणि डोक्यावर दोन आखूड शिंगं.

रवंथ

गाय चरताना भराभर घास आत घेते. मग सावलीला बसते, तोच घास परत तोंडात आणते आणि डोळे अर्धवट मिटून चघळत राहते. मठांमधल्या वाचकांनी आपल्या वाचनाला हाच शब्द लावला. लॅटिन ‘रुमिनासियो’ म्हणजे रवंथ. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठाच्या दिनक्रमात हातकामाच्या जोडीला अशा वाचनाचे तास बांधून दिले. बाराव्या शतकात आल्प्समधल्या ग्रांद शार्त्रूझ मठाचा प्रमुख गिगो याने त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि निवांत चिंतन. त्याने उपमाही जेवणाचीच दिली. वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थनेत चव सुटते, आणि चिंतन म्हणजे ती गोडीच.

प्रत्यक्षात करून बघू. मार्कच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी सात वचनांत वादळाची गोष्ट आहे. एकदा मोठ्याने वाचा, मठवासीही पुटपुटतच वाचत. संध्याकाळ झाली आहे. येशू होडीत आहे, ‘जसा होता तसाच’ नेला असा बारीक तपशील आहे. सोबत दुसऱ्याही होड्या आहेत, ज्यांचं पुढे काय झालं कुणीच सांगत नाही. वारा सुटतो, होडीत पाणी भरू लागतं. आणि येशू होडीच्या मागच्या भागात झोपला आहे, उशीवर. ही उशी फक्त मार्क सांगतो. मत्तय आणि लूक हीच गोष्ट सांगतात, पण त्यांच्याकडे उशी नाही.

आता दुसऱ्यांदा वाचा, सावकाश, आणि एखादा शब्द अडवतो का ते पाहा. वडिलांच्या आजारपणात एका रात्री इस्पितळाच्या जिन्यात बसून मी हा उतारा वाचत होतो. मला वादळ शांत होण्याची ओळ हवी होती, आणि मी अडकलो उशीवर. राग आला. शिष्य त्याला उठवताना जी जवळजवळ तक्रारच करतात, की आपण बुडतोय आणि याला फिकीर नाही, तीच माझी तक्रार होती. ती ग्रंथात आधीच छापलेली आहे हे मला त्या रात्री पहिल्यांदा दिसलं. तिसरी पायरी म्हणजे जे मनात आलं ते तसंच बोलून टाकणं, ती आपोआप झाली. चौथीबद्दल मी बोलू नये. मला झोप लागली.

यातून सल्ला काय मिळाला? वडिलांच्या शस्त्रक्रियेचा निर्णय तर डॉक्टरांशी आणि भावाशी बोलूनच झाला. पण त्यांच्याशी बोलायला बसलो तेव्हा मी चिडलेला नव्हतो.

या नंतरच्या चवीकडे लक्ष देण्याचं शास्त्र बनवलं ते इग्नेशियस लोयोलाने. १५२१ मध्ये पांपलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय फुटला. अंथरुणावर त्याने शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागितल्या, घरात होती फक्त ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं. तो आलटून पालटून दोन स्वप्नं रंगवू लागला, दरबारातल्या पराक्रमाची आणि संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्ही गोड लागत. मागाहून पहिलं मन कोरडं करून जाई, दुसरं टवटवीत ठेवी. निर्णय घेताना त्या क्षणाच्या उत्साहापेक्षा मागे उरणारी चव तपासावी, हा त्याने पुढे स्थापलेल्या जेझुइट संघाच्या साधनेतला मोठा धडा या निरीक्षणातून निघाला.

निवड आपली नाही

रवंथ करायला चारा कोण घालतो? आपल्याच हाती असलं तर आपण आवडतं तेवढंच खाऊ. माझ्या बायबलमध्ये २३ व्या स्तोत्राचं पान मळून मऊ झालं आहे आणि आमोसाची पानं अजून कोरी करकरीत आहेत.

कॅथोलिक चर्चची यावरची तोड म्हणजे वाचनपुस्तक. धर्मपरिषदेनंतर १९६९ मध्ये ते नव्याने रचलं गेलं. रविवारच्या मिस्सात पहिलं वाचन बहुतेक वेळा जुन्या करारातून, मग स्तोत्र, मग बहुधा पत्रांतून दुसरं वाचन आणि शेवटी शुभवर्तमान. असं तीन वर्षांचं चक्र. एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. योहानाला वेगळं वर्ष नाही, तो उपवासकाळात आणि ईस्टरनंतर जास्त येतो, शिवाय मार्कचं पुस्तक छोटं असल्याने त्याच्या वर्षातले काही रविवार भरून काढतो. सामान्य काळात, म्हणजे सणांचे मोसम सोडून उरलेल्या वर्षात, पहिलं वाचन शुभवर्तमानाशी जोडी जमेल असं निवडलेलं असतं. ही जोडी का जमवली असेल, एवढा एकच प्रश्न घेऊन मिस्साला बसलं तरी अर्धं प्रवचन स्वतःचं स्वतःला होतं.

*चौकट: यंदा कोणतं शुभवर्तमान?*
*सालातले अंक मिळवा आणि बेरजेला तीनने भागा. बाकी १ उरली तर मत्तयाचं वर्ष (अ), २ उरली तर मार्कचं (ब), शून्य उरलं तर लूकचं (क). उदाहरणार्थ २०२७: २+०+२+७ = ११, बाकी २, म्हणजे मार्क. फक्त चर्चचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे, त्यातल्या पहिल्या रविवारी पुढच्या सालाचं चक्र लागतं.*

वाचनपुस्तक निर्दोष आहे असं नाही. अडचणीची वचनं मधूनच गाळलेली असतात. १३७ व्या स्तोत्रात बॅबिलोनच्या नदीकाठचं रडणं घेतात आणि शेवटचा सूडाचा भयंकर उद्गार सोडतात. धर्मगुरूंच्या रोजच्या प्रार्थनापुस्तकातून तर ५८, ८३ आणि १०९ ही शापवाणीची स्तोत्रं पूर्णच वगळली आहेत. मला हे पटत नाही. माणसाच्या तोंडून देवासमोर काय काय निघू शकतं, हे लपवून भाविकांचं काय भलं होणार?

बंदिश आणि गायकी

आणखी एक प्रश्न उरतो, माझा अर्थ बरोबर हे ठरवणार कोण? कॅथोलिक उत्तर संगीताच्या भाषेत सांगता येईल. पुस्तकात छापलेली बंदिश सगळ्यांसाठी तीच असते, पण ती गायची कशी हे गुरूसमोर बसून कळतं. ग्रंथ म्हणजे बंदिश, परंपरा म्हणजे गायकी, आणि घराण्याची शिस्त सांभाळायचं काम पोप आणि बिशपांचं. घराण्यांची खोडही यात आली, जुन्या गवयाची चूकसुद्धा शैली म्हणून चालू राहते. ५ मार्च १६१६ रोजी रोममध्ये कोपर्निकसच्या पुस्तकावर दुरुस्तीपर्यंत बंदी आली, कारण बायबलमध्ये सूर्य फिरतो असं म्हटलं होतं. काव्याची ओळ खगोलशास्त्र म्हणून वाचली गेली. त्यातूनच पुढे गॅलिलिओला जे सोसावं लागलं त्याची चूक १९९२ मध्ये दुसऱ्या जॉन पॉलनी मान्य केली.

त्याच १६१६ साली गोव्यात सासष्टीतल्या राचोलला एक वेगळंच पुस्तक छापून झालं, फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आला होता. नव्या ख्रिस्ती झालेल्यांना त्यांची सुटलेली पुराणं आठवत होती, त्यांच्या कानाला ओवीची सवय होती. स्टीफन्सने बायबलची कथा मराठीत दहा हजारांहून अधिक ओव्यांत सांगितली, आणि तीही श्रोते प्रश्न विचारतात, पाद्री उत्तर देतो अशा पुराणाच्या घाटात. छपाई रोमन लिपीत होती, पण ऐकणाऱ्याला लिपीशी काय देणंघेणं? चारशे वर्षांनी त्याच वाटेवर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुबोध बायबल’ घेऊन आले. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

जूनमधला एक रविवार

ती उशीवाली गोष्ट मार्कच्या वर्षात, सामान्य काळातल्या बाराव्या रविवारी येते. म्हणजे जूनच्या उत्तरार्धात. २०२४ मध्ये ती २३ जूनला आली आणि त्या दिवशी पहिलं वाचन माझ्याकडे होतं.

जूनपासून आमच्याकडे मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या असतात, आणि एरवी रविवारीही समुद्रावर असणारे पुरुष मिस्साला मागच्या बाकांवर दिसतात. वाचनक्रम रोममध्ये ठरवणाऱ्यांना आमचं पाचूबंदर माहीत असण्याचं कारण नाही. मी आदल्या रात्री वाचन डोळ्याखालून घातलं होतं. ईयोबाच्या ३८ व्या अध्यायातला उतारा. सदतिसाव्या अध्यायापर्यंत ईयोब आणि त्याचे मित्र वाद घालतात, माझ्यावर ही वेळ का, आणि अखेर देव वावटळीतून बोलतो. ईयोबाच्या प्रश्नाचं उत्तर तो देतच नाही. उलट विचारतो, समुद्र जन्माला आला तेव्हा त्याला दारं कुणी लावली, ढगांची दुपटी कुणी गुंडाळली, इथवरच ये असं लाटांना कुणी बजावलं?

मी मंचावर गेलो, फीत सरकवली, वाचू लागलो. लाटांच्या ओळीपाशी मागच्या बाकावरचा एक म्हातारा मान हलवताना दिसला, कुणी ओळखीच्या माणसाविषयी बोलत असावं तशी. मग स्तोत्र झालं, जहाजांतून समुद्रावर गेलेल्यांचं. मग पौल. मग सगळे उभे राहिले आणि फादरांनी मार्क वाचला. उशी आली तेव्हा मी त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.

बाहेर पडताना तो भेटला. मी विचारलं, काका, वादळात होडीत कुणी असं झोपू शकतं का? तो म्हणाला, मागे झोपतात की, सुकाणूपाशी. दिवसभर राबलेला माणूस कुठेही झोपतो. मग थोडं थांबून म्हणाला, पण उशी कुणी आणली असेल होडीत?